बाईंच्या गाडग्यातले चिंचोके

नाव काठापासून सुटली तशी इंद्रायणीनं बेलाची दुरडी मांडीशी घट्ट धरली आणि डोळे मिटून घेतले. गोदामायची पूजा करायला तिला आवडायचं. गोदामाय ओलांडायला मात्र तिचा जीव घाबरा व्हायचा. पण शहागडच्या काठाला बेल नव्हता, तो पैलतीरी होता, आणि तिनं तर महादेवाला बेलाची लाखोली बोललेली. मग दर जुम्म्याच्या सुट्टीला जायचं, आठवड्याचा बेल खुडून आणायचा आणि परतीच्या नावेत रामनाम घेत बसायचं. बेल शिळा झाला तरी महादेवाला चालतो, तेवढीच त्याची दया.

आज मात्र नावेत पाण्याहून मोठं भय येऊन बसलं होतं. समोरच्या फळीवर एक तरणा माणूस होता. काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, पायाशी फुगलेली पोतडी. दिवस निजाम सरकारच्या लेव्हीचे होते, घराघरातलं धान्य मापून नेण्याचे; शेरवानी दिसली की माणसं कणगीवर गोधड्या टाकत. नावेतल्या बाया पदर पुढं ओढून गप्प झाल्या होत्या. एरवी तोंडाला कुलूप नसलेला नावाडी पुंजाराम, तोही मुकाट्यानं बांबू टेकवत होता.

इंद्रायणीनं पापण्यांच्या फटीतून पाहिलं… आणि तिला नवल वाटलं. ज्याला सारी नाव भ्यालेली, तो स्वतःच भ्यालेला होता. ओठ पांढरे, दोन्ही हातांनी फळी धरलेली. नाव जराशी कलली तसा त्यातला एक हात सुटला आणि सरळ तिच्या दुरडीवर येऊन बसला.

"माफ करा," तो म्हणाला. हात काही उचलला नाही.

"दुरडी बी माझ्यासंगंच बुडंल, साहेब," ती हळूच म्हणाली. "तिला धरून काय उपेग?"

"उपेग न्हाई," तो पाण्याकडं न बघता म्हणाला, "पण बरं वाटून राह्यलं."

तिला हसू आलं. ते तिनं पदरात लपवलं. आणि लपवताना छातीत काहीतरी धडधडलं, तेही भीतीचंच असावं असं तिनं ठरवून टाकलं.

मधल्या डोहावर पुंजारामनं नाव थांबवली. इथं साती आसरा राहतात, पाण्यातल्या देवी. त्यांचा मान राखला नाही तर माणूस ओढून नेतात. "वाटा टाका," पुंजाराम म्हणाला, तशी ज्यानं त्यानं कनवटीची चिमूटभर ज्वारी पाण्यात सोडली. शेरवानीवाल्याकडं ज्वारी नव्हती. त्यानं घाईघाईनं पोतडीचं तोंड सोडलं, मूठ भरून पाण्यात टाकली; नाव हलली तशी आणखी एक टाकली; मग ओंजळच रिकामी केली. पाण्यावर पडले ते काळे चकचकीत चिंचोके.

लेव्हीवाल्याच्या पोतडीत चिंचोके! बायांचे पदर एकदम मागं सरले.

"बस करा साहेब," पुंजाराम म्हणाला, "एवढ्यात तर साऱ्या खानदानाचा उतारा झाला."

काठाला उतरल्यावर त्यानं शेरवानी झटकली, रंग परत आलेल्या चेहऱ्यानं इंद्रायणीकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "इथली मराठी शाळा कुठं भरती, बाई? धर्मशाळेत ना? मी तालीमातीच्या महकम्यातून, शाळाखात्यातून आलोय. तपासणीला."

तिच्या हातातली दुरडी जड झाली. तिला वाटलं, पुन्हा नावेत जाऊन बसावं. ते बरं.

*

शाळा म्हणजे घाटावरच्या धर्मशाळेच्या दोन पडव्या. रखमाजी पाटलांनी जागा दिलेली, गावानं वर्गणी केलेली, आणि नगरला मामाकडं राहून शिकून आलेली इंद्रायणी तिथं बाई झालेली. खानगी शाळेला सरकारची इजाजत लागायची, ती दर साली नवी. यंदा ती अडकली होती. पलीकडच्या काठाच्या शाळा दिवाळीनंतर बंद झाल्याची खबर होती.

शाळा बंद झाली असती तर लेकरं गेली असती ढोरांमागं. आणि इंद्रायणी? आईबाप तापाच्या साथीत गेलेले, विशी उलटलेली, लग्न राहिलेलं. शाळा होती म्हणून गाव तिला बाई म्हणत होतं. शाळा गेल्यावर तेच गाव काय म्हणेल, ते पाणवठ्यावर तिला आत्ताच अर्धंमुर्धं ऐकू यायचं. म्हणून तर ही लाखोली. दिवसाचा बेल वाहून झाल्याशिवाय अन्नाचा कण घ्यायचा नाही, आणि वाहायला सवड मिळायची ती शाळा सुटल्यावर. पोटात आग आणि ओठांवर पाढे, असं तिचं चाललेलं. कार्तिकात एकदा फळ्यापाशी घेरी येऊन ती खाली बसली होती, पण त्याचं काय एवढं… नेम म्हटला की सोसणं आलंच.

त्या माणसाचं नाव मच्छिंद्र. अंतरवालीच्या शेतकऱ्याचा मुलगा, औरंगाबादेला शिकलेला, हैदराबादेला ट्रेनिंग झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शाळेत आला तो पोतडी आणि सात मातीची गाडगी घेऊन.

"लेकरांना काय येतं ते सारेच विचारतात," तो म्हणाला. "लेकरांना काय वाटतं, ते कोणीच विचारत न्हाई. मी त्याचेच गुण काढतो."

त्याची रीत अशी होती. एकेका गाडग्यावर एकेक चित्र – वाचन, लेखन, पाढे, गाणं, चित्रं, खेळ, आणि सातवं बाईंचं. पडवीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पडदा बांधायचा, मागं गाडगी मांडायची. प्रत्येक लेकरानं ओंजळभर चिंचोके घेऊन एकट्यानं आत जायचं आणि जे जास्त आवडतं तिथं जास्त टाकायचे. कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही. मग गाडग्यात जितके जास्त, तितके गुण जास्त. ज्या शाळेत लेकरांचं मन नाही, ती शाळा बंद करावी, असा शाळाखात्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा, मोहतमीम साहेबांचा हुकूम होता. साहेबांचा मुक्काम पलीकडं गेवराईला होता आणि मच्छिंद्रनं उद्याच तिकडं जाऊन गुण सांगायचे होते.

इंद्रायणी ऐकत होती. ऐकता ऐकताच ती लेकरांची रांग लावू लागली.

खडू मातीवर उठेना म्हणून मच्छिंद्रनं गेरू कालवला. चित्रं काढण्यात त्याचा हात यथातथाच होता. सातव्या गाडग्यापाशी तो बराच वेळ बसला.

"हे काय काढलं, साहेब?"

"तुम्ही."

"मला तर भोपळा वाटून राह्यला."

"अंबाडा हाय तो," तो गेरूनं माखलेलं बोट बघत म्हणाला. "चेहरा काढायची हिंमत झाली न्हाई. चुकला असता तर… तुम्हाला काय, मला वाईट वाटलं असतं."

ती लेकरांच्या रांगेकडं गेली आणि उगीचच दोघी-तिघींच्या वेण्या नीट केल्या.

एकेक लेकरू आत गेलं. जाताना चपला काढून गेलं. येताना एकेकाचं तोंड एवढंसं झालेलं. पडद्यामागून चिंचोके पडल्याचा आवाज येई, कधी टपटप, कधी एकदम खळ्ळकन. सगळ्यात शेवटी कोळ्याची दुर्गी गेली, आठ वर्षांची, वर्गातली सगळ्यात तोंडाळ पोर. ती बाहेर आली ती हात जोडलेलेच. इंद्रायणीला ते खटकलं… पण भीतीपुढं विचार सुचतो कुठं?

लेकरं घरी गेली आणि अवकाळी पाऊस आला. मार्गशीर्षातला तो गार, बारीक पाऊस. पन्हाळीतून धार लागली, ती बघत इंद्रायणी थोडा वेळ दारात उभी राहिली. पडवीत दोघंच, मधे गाडगी. दुर्गीची आजी दारात तंबाखू मळत बसली होती, म्हणून बरं, नाहीतर इंद्रायणी पावसातच घरी गेली असती. मच्छिंद्र चिंचोके मापानं मोजू लागला, ती गाडगं धरू लागली. एकदा त्याची बोटं तिच्या बोटांवरून गेली. दोघांनीही एकदमच पावसाकडं पाहिलं.

खेळाच्या गाडग्याच्या तळाशी चार-दोन चिंचोके. गाण्याचंही तसंच. पाढ्यांचं गाडगं गळ्यापर्यंत भरलेलं. आणि बाईंचं तर शिगोशीग, वरून चिंचोके खाली सांडलेले.

"खेळापेक्षा पाढे आवडणारी लेकरं मी पहिल्यांदाच बघितली," मच्छिंद्र म्हणाला. मग तिच्याकडं न बघता, जरा खालच्या सुरात, "पण बाईंचं गाडगं भरलं त्याचं नवल वाटलं न्हाई."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सावरायला म्हणून ती मापाकडं बघू लागली, आणि तिला दिसलं की हिशेब जुळत नाही. पोतडीतून पायलीभर वाटले होते. आता पायली भरूनही वर चिपटंभर उरत होते.

"हे जास्तीचे कुठून आले, साहेब?"

मच्छिंद्रनं घाईनं पोतडीचं तोंड बांधलं. "पावसानं फुगले असतील," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा नावेत झाला होता तसा झाला.

*

संध्याकाळी मावशीनं त्याला जेवायला बोलावलं. मावशीचं नाव आसराबाई. आईबाप गेल्यावर इंद्रायणीला तिनंच सांभाळलं होतं. पाहुण्याला तिनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, मामाचं कूळ विचारलं. आणि दर उत्तराला ताटात एकेक भाकरी वाढत गेली. "लाजू नका," ती म्हणाली, "आमची इंद्री वारा खाऊन जगती, तिच्या वाटणीचं बी तुम्हालाच खायचंय." मच्छिंद्र हसत हसत खात होता आणि इंद्रायणी चुलीमागं लपून राहिली होती. गुण चांगले होते. शाळा वाचली होती. तरी मनाच्या कोपऱ्यात ती दुर्गी हात जोडून उभीच होती.

तो मुक्कामाला पाटलांकडं गेल्यावर मावशी परडी भरायला बसली. शेजारची सून पोटुशी होती, तिच्यासाठी उद्या डोहावर आसरांना परडी सोडायची होती. हिरवा खण, बांगड्या, लिंबं, वरून सूपभर दाणे.

"मावशे, एवढं? आपल्या महादेवाला तर एक बेलाचं पान चालतं."

"महादेव मायेचा देव हाय, त्याला पान पुरतं. जिचं भेव, तिला परडी भरून द्यावी लागती, बाई. म्हणजे ती लांब ऱ्हाती. माझ्या आईनं मला आसराबाई नाव काय लाडानं ठेवलं व्हय? आधीची दोन पाण्यात गेल्ती. भेवानं ठेवलं."

इंद्रायणीच्या हातातलं लिंबू खाली पडलं.

अंधारा कोपरा. ओळीनं मांडलेली सात गाडगी, वर लाल गेरू. अगदी काठावर आसरांच्या नावानं पुजलेल्या सात शेंदरी दगडांसारखी. एकट्यानं आत जायचं, मनात धरायचं, कुणाला सांगायचं नाही. चपला बाहेर. हात जोडलेले… लेकरांनी साहेबाचं ऐकलंच नव्हतं. त्यांनी तेच केलं होतं जे त्यांच्या आयांनी त्यांना शिकवलं होतं. ज्याचं भय, त्याला मोठा वाटा. म्हणून पाढे गळ्यापर्यंत. म्हणून गाणं रिकामं.

आणि बाईंचं गाडगं शिगोशीग.

तिनं कधी छडी हातात धरली नव्हती. आवाज चढवला नव्हता. मग लेकरं तिला एवढी का भीत होती? ती देवापुढं बसली, पण त्या दिवशीचा उरलेला बेल वाहताना एकेक पान तिला प्रश्न विचारू लागलं. गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. शाळा राहिली असती. तो माणूस हसतमुखानं गेला असता, आणि पुन्हा आलाही असता. सांगितलं तर इजाजत जाणार, त्याची नजर जाणार, सारंच जाणार. पण खोट्या गुणांवर शाळा वाचवून वर महादेवाला बेल कोणत्या हातानं वाहायचा?

*

सकाळी ती घाटावर गेली. पुंजाराम नाव सोडायच्या तयारीत होता. मच्छिंद्र पायरीवर उभा होता. तिला बघून त्याचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, परत फिरावं.

"साहेब, एक विचारू? परवा नावेतून तुम्ही आसरांना ओंजळभर चिंचोके टाकले. ते आवडीनं टाकले व्हते का?"

"आवड कसली. जीव चालला होता माझा."

"मंग लेकरांनी बी तेच केलं," ती म्हणाली, आणि खाली बघत, थांबत थांबत सगळं सांगून टाकलं. गाडगी, गेरू, मावशीची परडी. शेवटी म्हणाली, "लेकरं मला भेतात, साहेब. हे गुण माझे न्हाईत."

मच्छिंद्रनं कपाळावर हात मारून घेतला. आयुष्यभर असे सात दगड बघत आलेला माणूस तो, आणि त्याच्याच हातानं त्यानं ते मांडले होते.

"तुम्ही बोलला नसता तर मला कधी समजलं नसतं."

"मला तर समजलं व्हतं ना."

तो तिच्याकडं बघत राहिला. मग पुंजारामला थांबायला सांगून म्हणाला, "चला. लेकरांनाच विचारू."

दुर्गी काठावर मासे वाळत घालत होती. शेरवानी बघून पळायला निघाली, पण बाईंनी हात धरला. इंद्रायणीनं तिच्यापुढं गुडघे टेकले आणि विचारलं तेव्हा तिचाच आवाज लेकरासारखा झाला होता.

"दुर्गे, माझ्या गाडग्यात एवढे चिंचोके का गं टाकले? तुम्ही मला भेता?"

दुर्गीनं मान हलवली. नाही. मग पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिली.

"मंग?"

"तुम्ही जेवत न्हाईत," दुर्गी म्हणाली. "फळ्यापाशी पडल्त्या तुम्ही. माझी माय बी अशीच पडल्ती, मंग उठलीच न्हाई. आम्ही समद्यांनी ठरवून टाकले. बाई मरू नये म्हणून."

इंद्रायणीनं पोरीला पोटाशी धरलं. ज्या शाळेसाठी ती उपाशी राहत होती, त्या शाळेतलं एकेक लेकरू रोज सकाळी तिचं तोंड बघून घाबरत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. देवाला दिसत असेल. तिलाच दिसलं नव्हतं.

मच्छिंद्र पोतडी खांद्याला टाकून घाटाकडं वळला.

नावेत पाय ठेवताना तो म्हणाला, "जे झालं ते जसंच्या तसं साहेबांना सांगतो. माझी रीत चुकली हे बी सांगतो. इजाजत राह्यल का न्हाई… माझ्या हातात न्हाई, बाई."

"खरं सांगा, तेवढं बास." तिनं धीर केला. "आणि ते चिपटंभर जास्तीचे? पावसानं चिंचोके फुगत न्हाईत, साहेब."

त्यानं फळी घट्ट धरली. नाव सुटली होती. "परत आलो तर सांगीन," तो म्हणाला. त्यातलं 'तर' तेवढं काठावर राहिलं.

*

मग वाट बघणं आलं. लोक विचारत, ती मान हलवी. रखमाजी पाटील एकदा पडवी डोळ्यांनी मापून गेले. इजाजत आली नाही तर कापूस ठेवायला जागा हवी होती. इंद्रायणी रोज घाटाकडं पाठ करून बसायची, आणि रोज नाव लागल्याचा आवाज पाठीलाच आधी कळायचा.

नेम मात्र तिनं बदलला. तिनं हात जोडून महादेवाला सांगितलं की लेकरांच्या जिवाला घोर लावून वाहिलेला बेल तुला तरी कसा गोड लागंल. मग रोज सकाळी लेकरांच्या पुढ्यात बसून ती दूधभाकरी खायची, दुर्गी शेवटच्या घासापर्यंत डोळे वटारून पहारा द्यायची, आणि मगच पाढे सुरू व्हायचे. बेल शाळा सुटल्यावर, शांतपणे. महादेव काही रागावल्याचं दिसलं नाही.

संक्रांतीनंतरच्या जुम्म्याला ती घाटावर घागर भरत होती. पैलतीराहून नाव निघाली. नावेत काळी शेरवानी होती.

घागर भरून वाहू लागली तरी तिला कळलं नाही. डोहावर नाव थांबली. सगळ्यांचे हात पाण्यावर गेले. एक हात गेला नाही. मूठ मिटून तो तसाच बसला होता. पुंजाराम काहीतरी म्हणाला, त्यानं मान हलवली. नाव कलली. "टाका हो… टाका की," इंद्रायणी काठावर पुटपुटली, आणि तिला उमगलं की आजवर तिनं स्वतःसाठी सुद्धा इतकी भीती कधी भोगली नव्हती.

नाव लागली. तो उतरला. चेहरा पांढरा, पण डोळ्यांत काहीतरी निराळंच.

"इजाजत?" तिनं विचारलं.

"एका सालाची. साहेब पहिल्यांदा हसले, मंग गप्प झाले. म्हणाले, बाई मरू नये म्हणून लेकरं जिथं उतारा टाकतात, ती शाळा बंद करायला माझा हात उठत न्हाई. पाढ्यांचं भेव तेवढं काढा म्हणाले."

ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "आसरांचा वाटा का न्हाई टाकला तुम्ही? भेव न्हाई वाटलं?"

"लई वाटलं. पण मूठ एकच होती." त्यानं ती उघडली. घामानं ओले झालेले चिंचोके. "त्या दिवशी लेकरं गेल्यावर, तुम्ही दारात पाऊस बघत होता तेव्हा… मी पडद्यामागं जाऊन आल्तो. तुमच्या गाडग्यातले जास्तीचे माझे होते."

वारा होता, तरी तिला सगळं गरम वाटत होतं.

"आवडीचे," तिनं अगदी हळू विचारलं, "का भेवाचे?"

"तेच उलगडंना. तुमच्याकडं बघितलं की मला नावेत बसल्यासारखं होतं. आणि तरी उतरावं वाटत न्हाई." तो एक पायरी वर चढला. "मावशीकडं येऊ का? विचारायला?"

पाणवठ्यावरच्या बायांचे हात थांबले होते. उद्या गावभर होणार होतं. इंद्रायणीनं नेहमीसारखा पदर पुढं ओढला नाही. तिनं दोन्ही हातांची ओंजळ केली आणि त्याच्यापुढं धरली.

"मावशीनं संक्रांतीपासून तुमचं ताट घासून ठेवलंय," ती म्हणाली. "रोज घासती."

त्यानं मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली. एक चिंचोका निसटला, टपटपत पायऱ्या उतरत पाण्याकडं निघाला. मच्छिंद्र धरायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," इंद्रायणी म्हणाली आणि ओंजळ मिटली. "तेवढा एक आसरांचा."